त्या ध्वनिफिती फेकू नका!

नाताळ जवळ आला की आपल्या घरांची साफसफाई निघते. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. जुनी पत्रे, फुटक्या चौकटी, गंजलेले कंदील अंगणात जमा होतात आणि भंगारवाल्याची हाक कानी पडताच घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. या भंगारात बरीच वर्षे एका वस्तूची भर नेमाने पडत आली आहे. ती म्हणजे ध्वनिफीत, आपल्या बोलण्यातली कॅसेट. तिच्यातही निवड होते. छापील वेष्टनातल्या भक्तिगीतांच्या कॅसेटी एखादी आजी हट्टाने बाजूला काढून ठेवते. पण ज्यांच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, ज्यांच्या पट्टीवर बॉलपेनने काहीबाही खरडलेले आहे, ज्यांत घरातल्याच कोणा काकाने किंवा मामाने ऐन तारुण्यात चार मित्र जमवून विद्युत गिटार बडवलेली आहे, त्या कॅसेटींसाठी कोणाचाही हात पुढे होत नाही. ‘तो सगळा गोंगाट होता’ एवढ्या एका वाक्यात त्यांचा निकाल लागतो.

या निकालाविरुद्ध हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्याला आपण गोंगाट म्हणून भंगारात देतो, तो आपल्या समाजाचा दस्तऐवज आहे. तो नष्ट करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो वाचवण्याचे काम सरकारचे नव्हे, परदेशी संग्राहकांचेही नव्हे, तर आपल्या धर्मग्रामांचे आहे.

हे सास्तूरहून लिहीत आहे. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील या गावाचा विद्युत गिटारीशी काय संबंध, असे सुज्ञ वाचक विचारतील. संबंध आहे आणि तो पुढे ओघाने येईल. येथे एवढेच सांगतो की, जमिनीखाली गेलेले सगळेच परत मिळत नाही, हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांतील मुले घराच्या मोटारखोलीत, म्हणजे गॅरेजमध्ये, वाद्ये घेऊन जमू लागली. शिक्षण नाही, गुरू नाही, वाद्ये स्वस्तातली. पण उमेद दांडगी. त्यांच्या ओबडधोबड, तापट संगीताला पुढे ‘गॅरेज’ हेच नाव चिकटले. ‘सायकेडेलिक’ हा त्याचा जुळा भाऊ. हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५६ साली दोन ग्रीक शब्द जोडून बनवला. अंतरात्मा आणि प्रकट करणे, असे त्या दोन शब्दांचे अर्थ. पुढे हा शब्द अमली पदार्थांच्या दुर्गंधीने माखला गेला हे खरे. पण स्वर लांबवून, प्रतिध्वनी मिसळून, ओळखीचे सूर अनोळखी करून ऐकणाऱ्याला आत वळवण्याचा जो प्रयत्न त्या संगीतात आहे, तो त्या मूळ अर्थात दिसतो. आणि ‘भूमिगत’ म्हणजे ज्याला मोठ्या कंपन्यांनी, आकाशवाणीने, प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्याने दार उघडले नाही ते.

या दार बंद झालेल्यांना कॅसेटने दार दिले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा ती संगीतासाठी नव्हतीच. चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर अशी संथ गती. कचेरीतला मजकूर सांगून उतरवून घ्यायला ती पुरेशी होती. पण तिच्यात एक गुण होता जो तबकडीत नव्हता. तबकडी फक्त कारखाना काढू शकतो. कॅसेट कोणीही भरू शकतो, पुसू शकतो, पुन्हा भरू शकतो. १९७९ साली टिॲक या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र काढले. एकाच कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकामागून एक ध्वनिमुद्रित करून नंतर त्यांचे मिश्रण करण्याची सोय त्यात होती. एकटा माणूस स्वतःच्या खोलीत अख्खा वाद्यवृंद उभा करू लागला. न्यूयॉर्कमध्ये तर ‘रोअर’ ही संस्था नव्या बंडखोर संगीताच्या केवळ कॅसेटीच काढू लागली. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीच्या हातून सामान्यांच्या हाती आला, हा या सगळ्याचा अर्थ.

आपल्या कॅथलिक जगाला हे समजायला पोलंडकडे पाहावे. तेथे १९८१ साली लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा स्वतंत्र बोलण्याच्या जागा बंद झाल्या आणि चर्चची दालने चित्रकारांना, नटांना, गायकांना उघडी झाली. वॉर्सा येथील धर्मगुरू येझी पोपिएउश्को यांच्या देशासाठीच्या मिस्सांतील प्रवचने कॅसेटींवर उतरवली गेली आणि हातोहात देशभर फिरली. १९८४ साली गुप्त पोलिसांनी त्यांचा खून केला. २०१० साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या कॅसेटींचे ध्वनिमुद्रण काही सुरेख नव्हते. खोकला, खुर्च्यांची ओढाताण, फितीची खरखर त्यांत असणारच. म्हणून त्या फेकून द्यायला हव्या होत्या, असे आज कोणी म्हणेल काय?

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे दीर्घकाळ ध्वनिमुद्रण म्हणजे एकच मोठी कंपनी आणि तिचे कुत्र्याचे चिन्ह, अशी स्थिती होती. काय ऐकण्यास योग्य, हे ती कंपनी आणि आकाशवाणी ठरवीत. आकाशवाणीच्या या चोखंदळपणाचा एक नमुना पाहा. १९४० साली तिने बाजाच्या पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ज्या पेटीवाचून आपले कीर्तन उभे राहत नाही, ती पेटी तीस वर्षे परकी आणि बेसूर ठरवली गेली होती. अभिरुचीच्या राखणदारांवर किती विश्वास टाकायचा, याचा अंदाज यावरून करावा.

त्याच काळात मुंबई, मद्रास, कलकत्ता, बंगळूर, शिलाँग येथे मुलांचे ‘बीट ग्रुप’ उगवले. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या आणि त्यांतील निवडक संचांच्या तबकड्या १९७० व १९७१ साली काढल्या. आपल्या देशातील गॅरेज आणि सायकेडेलिक संगीताचा तो जवळजवळ एकमेव छापील पुरावा. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या संचाची तबकडी १९८१ साली बाजारात आली, तोपर्यंत तो संच विखुरला होता. तबकडी कोणी विचारली नाही. तीस वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेतील एका संस्थेने ते संगीत पुन्हा प्रसिद्ध केले. आपल्याकडे जे कोणी उचलले नाही, ते तेथे भक्तिभावाने ऐकले गेले.

आणि ज्यांची तबकडी निघालीच नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी कॅसेट होती. गोव्याच्या शिवोली गावचे रेमो फर्नांडिस यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. मुंबईच्या कंपन्यांनी नकार दिल्यावर त्यांनी आपल्या घरातच चार मार्गांच्या कॅसेट यंत्रावर सारी वाद्ये स्वतः वाजवून, सारे आवाज स्वतः गाऊन ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह तयार केला. १९८४ साली तो निघाला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन त्यांनी तो स्वतः विकला. पुढे २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मनुष्य ख्रिस्ती घरात वाढलेला आणि ती स्कूटर धावली ती आपल्याच चर्चच्या अंगणांवरून. अमेरिकी लेखक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातील कॅसेटींवर एक ग्रंथ लिहून दाखवून दिले की, या स्वस्त वस्तूने एका कंपनीची मिरासदारी मोडली आणि स्थानिक भाषांना, लहान गायकांना आवाज दिला. तो ग्रंथ परदेशात छापला गेला. आपण मात्र त्याच सुमारास त्या कॅसेटींवर नवी गाणी भरून जुनी पुसत होतो.

या संगीतात आपल्या समाजाचा वाटा किती मोठा होता, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही नावे होती. पण पडद्यावर ती झळकली नाहीत. न्यूझीलंडमध्ये अध्यापन करणारे ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली त्या वादकांच्या मुलाखतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अनेकांना ती प्रथम कळली. चर्चच्या गायकवृंदात स्वरलिपी शिकलेली हीच घरे. त्यांच्याच पुढच्या पिढीने व्हायोलिन खाली ठेवून विद्युत गिटार उचलली. त्यांची तालीम झाली ती धर्मग्रामाच्या सभागृहात, लग्नाच्या मांडवात, नाताळच्या नाचात. म्हणजे आपल्या गॅरेज संगीताचे गॅरेज पुष्कळदा चर्चचेच होते! मग त्या संगीताची जबाबदारी कोणाची?

आता आक्षेपांकडे वळतो. ते मी पुष्कळदा ऐकले आहेत आणि सगळेच पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही.

पहिला आक्षेप व्यसनाचा. हे संगीत गर्दुल्ल्यांचे, त्याला घरात जागा कशाला? गोव्याच्या हणजुण किनाऱ्यावर परदेशी हिप्पी जमले, रात्रभर नाच चालले आणि त्यांचे सायकेडेलिक संगीत कॅसेटींवरूनच वाजले, कारण उन्हाने तबकड्या वाकत आणि त्यांचा भार वाहणे कठीण होते. तेथून व्यसन गावात शिरले आणि काही घरे बसली. ते दुःख मी लहान मानत नाही. पण म्हणून कॅसेटीला दोषी ठरवणे म्हणजे लग्नात दारू प्याली गेली म्हणून बँडवाल्याला तुरुंगात टाकण्यासारखे आहे. वर ज्यांचा उल्लेख केला त्या रेमो यांनीच १९८६ साली ‘पॅक दॅट स्मॅक’ हा संग्रह काढला तो गर्दच्या विरोधात. तरुणांना व्यसनापासून परावृत्त करणारा आवाज त्याच तालात, त्याच गिटारीत उमटला. आणि तो तरुणांपर्यंत पोचला, कारण तो त्यांच्या भाषेत होता.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. विद्युत गिटारीचा आणि श्रद्धेचा काय संबंध? येथे मी वाचकांना एका योगायोगाची आठवण देतो. ज्या १९६३ सालात कॅसेट जन्मली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा आणि ऑर्गनखेरीज इतर वाद्येही उचित असतील तर उपासनेत घ्यावीत, हे त्यात स्पष्टपणे मांडले आहे. तीन वर्षांनी, १९६६ च्या एप्रिलात, खुद्द रोममध्ये संत फिलिप नेरींच्या संघाच्या दालनात मार्चेल्लो जोंबिनी यांनी रचलेली ‘तरुणांची मिस्सा’ बीट ग्रुपांनी विद्युत गिटार आणि ड्रमवर सादर केली. वाद झाला, पण रोम कोसळले नाही. १९६८ साली अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ या गॅरेज संचाच्या नावाने डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी रचलेली लॅटिन मिस्सा निघाली. सायकेडेलिक गिटारींच्या लाटांवर ख्रिस्तसभेची प्राचीन प्रार्थना तरंगत होती. ती प्रत्येकाला रुचावी असा माझा आग्रह नाही. संत ऑगस्टीन यांनाही आपल्या आत्मनिवेदनात चर्चमधील गायनाविषयी दोन मने झाली होती : सूर सुखावतो म्हणून भीती आणि तोच सूर डोळ्यांत पाणी आणतो म्हणून कृतज्ञता. त्यांनी गायन बंद करा असे सांगितले नाही. मीही कोणाला काकांची कॅसेट मिस्सेत वाजवा असे सांगत नाही. ती जपून ठेवा, एवढेच सांगतो.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. ही इंग्रजांची नक्कल, तिच्यात आपले काय? हा आक्षेप करणाऱ्यांनी आपल्याच लग्नातला ब्रास बँड आठवावा. पितळेची ती शिंगे लष्करी छावण्यांतून आली आणि आज त्यांच्याशिवाय वरात हलत नाही. बाजाची पेटी फ्रान्सची, व्हायोलिन इटलीचे. नक्कल हा कलेचा अखेरचा मुक्काम नसतो, पहिला असतो. पण या आक्षेपाचे खरे उत्तर मुंबई-गोव्यात नाही. ते आमच्या मराठवाड्यात आहे. येथेच सास्तूरचा संबंध येतो.

गॅरेज म्हणजे काय? साधने नसलेल्यांचा तालीमखाना. मोटार नसलेल्या गावात गॅरेज कोठून येणार? येथे गोठा असतो, समाजमंदिराचा ओटा असतो, लिंबाखालचा पार असतो. कॅसेट आमच्या भागात आली तेव्हा याच जागांतून आवाज निघाले. तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांची गाणी, संबळ-तुणतुण्याच्या साथीने, तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रित होऊन नवरात्रात रस्त्याकडेच्या पालांत विकली जात. भीमगीतांच्या कॅसेटींनी वस्त्या जाग्या ठेवल्या. वामनदादा कर्डकांची गीते आणि प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज ज्या घरांत पुस्तक नव्हते तेथे पोचला. त्यांच्या मागे असंख्य अनामिक गायक होते, ज्यांची कॅसेट एका जत्रेपुरती निघाली आणि संपली. वृत्तपत्रांत त्यांचे परीक्षण नाही, कंपनीच्या यादीत नाव नाही. भूमिगत संगीत याहून वेगळे काय असते?

मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे ज्या समाजांतून आली, त्या समाजांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती, सनई होती, एकतारी होती. बाप्तिस्म्याबरोबर आपण ती वाद्ये खाली ठेवली, कारण त्यांना जातीचा वास येतो असे आपल्याला शिकवले गेले आणि आपणही ते मानले. काही घरांत रात्री हलक्या आवाजात जुनी कॅसेट लागे आणि पाहुणा आला की बंद होई. वसईच्या घरात काकाची गिटार लाजिरवाणी, आमच्या घरात आजोबांची हलगी लाजिरवाणी! दोन्हीकडे लाज एकच. प्रतिष्ठेच्या पायी आपण आपला स्वतःचा आवाज पुसायला निघालो. परकेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे : गिटार परकी म्हणून नको, हलगी आपली म्हणून नको, मग आपले म्हणून नेमके काय ठेवायचे?

चौथा आक्षेप आजचा आहे. आता सगळे इंटरनेटवर मिळते, फितींचा संसार कशाला? सगळे मिळत नाही. जे कधी ना कधी प्रसिद्ध झाले, त्यातील काही मिळते. अमेरिकेत १९७२ साली लेनी के यांनी ‘नगेट्स’ या संग्रहात विस्मृतीत गेलेली गॅरेज गाणी एकत्र केली आणि १९८३ पासून क्रिप्ट या संस्थेने ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’, म्हणजे कबरीतून परत, या समर्पक नावाने आणखी गाणी उकरून काढली. हे शक्य झाले कारण त्या गाण्यांच्या, थोड्या का होईना, तबकड्या निघाल्या होत्या. एकाने टाकली तर दुसऱ्याकडे सापडत होती. घरी भरलेल्या कॅसेटीचे तसे नाही. तिची प्रत बहुधा एकच असते. ती भंगारात गेली की कबरही उरत नाही.

ते कसे असते, हे सास्तूरने पाहिले आहे. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून, ढोल-ताशे भिंतीशी टेकवून लोक झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूमी हलली. माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. जे वाचले त्यांनी ढिगाऱ्यातून आधी माणसे काढली, मग धान्य, भांडी, जमिनीचे कागद. तेच योग्य होते. पंचनाम्यात घराला, गुरांना, धान्याला रकाना होता, आवाजाला नव्हता. ज्या घरांत टेपरेकॉर्डर होते, त्यांच्या भिंतींखाली कॅसेटीही गेल्या : आईच्या ओव्या, भावाचे लग्न, वस्तीतल्या पोरांनी हौसेने भरलेली गाणी. छायाचित्रावरून चेहरा आठवतो. गेलेल्या माणसाचा आवाज मात्र काही वर्षांनी मनातूनही निसटू लागतो आणि तो परत मागायला कोणाकडे जायचे, हे कळत नाही.

सास्तूरवर आपत्ती एका पहाटे कोसळली. तुमच्या माळ्यावर ती संथपणे चालू आहे. कॅसेट ही पॉलिएस्टरच्या पट्टीवर चिकटवलेली लोहभस्माची पूड. ते चिकटवण दमट हवेत सैल होते, पूड झडते, बुरशी धरते. फितीला दाबून धरणाऱ्या गादीचा स्पंज विरतो. एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. वाजवायची यंत्रे दुर्मिळ झाली आणि ती दुरुस्त करणारे हातही म्हातारे झाले. त्याहून मोठी अडचण अशी की, ‘हा कोण गातो आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे आपल्यातून जात आहेत. फीत राहिली आणि नाव गेले, तर अर्धा दस्तऐवज गेला.

हे काम होऊ शकते याचा पुरावा मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि एके काळी कॅथलिक धर्मगुरू असलेले गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतील हजारो ओव्या १९९० च्या दशकात बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या; आमच्या मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्याही १९९६ साली उतरवून घेतल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने त्या जगापुढे ठेवल्या आहेत. दळण गिरणीत गेले, जाती कोपऱ्यात पडली, गाणाऱ्या कित्येक जणी निवर्तल्या. ओवी मात्र आज कोणालाही ऐकता येते. जात्यावरची ओवी हाही एके काळी कोणाच्या लेखी फक्त दळणाचा आवाज होता.

म्हणून माझी मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. येत्या आगमनकाळातील एका रविवारी प्रत्येक धर्मग्रामात सूचना वाचली जावी : हाताने नाव लिहिलेली एकही कॅसेट भंगारात देऊ नका, चर्चच्या कचेरीत आणून द्या किंवा निदान नोंदवा. युवक संघाने यादी करावी. कोण गातो, कोण वाजवतो, कोठे आणि कधी, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. धर्मप्रांताच्या पातळीवर एक चांगले वाजवणारे यंत्र आणि एक संगणक यांची सोय व्हावी. कॅसेट आधी तपासावी, स्वच्छ करावी, तिच्या पाठीवरच्या दोन चकत्या मोडाव्यात म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. आणि मग न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात तिची प्रत काढावी. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटे लागतात, तेथे आडवाट नाही. पण अशा एका कॅसेटीला जागा लागते सुमारे एक गिगाबाइट. एका टेराबाइटच्या लहानशा डिस्कमध्ये नऊशेंहून अधिक मावतात. म्हणजे एका नाताळच्या रोषणाईपेक्षा हे काम महाग नाही. प्रती तीन असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आणि गायक-वादकांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घेतल्याशिवाय काहीही जाहीरपणे वाजवू नये.

हे चर्चचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांना एवढेच विचारावे की, नोंद ठेवण्याची सवय आपल्याला कोणी लावली? ट्रेंट परिषदेने १५६३ साली बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम घालून दिला. गरिबातल्या गरीब माणसाचे नावही तेव्हापासून चर्चच्या वहीत राहिले. ज्याची नोंद राजाने घेतली नाही, त्याची धर्मगुरूने घेतली. त्या वहीत नाव आहे, आवाज नाही. आवाज तुमच्या माळ्यावरच्या पेटीत आहे. पाच भाकरींनी हजारो लोक जेवून तृप्त झाले, त्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. तुकडे चांगले होते की शिळे, याची निवड करायला सांगितले नव्हते. काही वाया जाऊ नये, एवढेच सांगितले होते.

तेव्हा यंदा पेटी खाली काढाल, तेव्हा ती भंगारवाल्यापुढे ठेवू नका. आत काय आहे ते आधी पाहा, कोणाचे आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ते नाव कागदावर लिहून कॅसेटीबरोबर ठेवा. बाकीचे काम धर्मग्रामाने करायचे आहे. ते होत नसेल तर पुढच्या सभेत उठून कारण विचारा.